डबा बदलण्याआधी भिंतीतली वायर बघा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मागच्या बुधवारी कार्यक्रम संपता संपता एका ताईंचा फोन आला होता. वेळ संपली होती, म्हणून त्यांचा प्रश्न आजवर राहिला. तो त्यांच्याच शब्दांत सांगते. "आमच्या ओसरीवर जुना फ्यूजचा डबा आहे, चिनी मातीच्या कटआउटचा. तो काढून एमसीबीचा नवा डबा बसवायचं घरात ठरलंय. वायरमन म्हणतो, दोन तासांचं काम आहे, दुपारच्या जेवणाआधी लाईट चालू करून देतो. पण सासूबाई म्हणतात, भिंतीतल्या वायरी मामंजींच्या वेळच्या आहेत, त्यांचं काय? तर ताई, नुसता डबा बदलला की झालं का?"

नाही झालं. सासूबाईंनी नेमकं विचारलंय, आणि आजचं माझं सगळं बोलणं त्यांच्याच प्रश्नावर आहे.

आधी फ्यूज म्हणजे काय ते बघू. आपण म्हणतो फ्यूज मिक्सरला वाचवतो, टीव्हीला वाचवतो. तसं नाही. फ्यूज वायरीला वाचवतो. भिंतीतल्या वायरीतून तिला झेपेल त्याहून जास्त करंट गेला, तर ती तापते, तिचं आवरण वितळतं आणि आग लागते. म्हणून त्या रस्त्यात मुद्दाम एक अशक्त तुकडा ठेवायचा. जास्त करंट आला की आधी तो वितळेल आणि रस्ता तुटेल. फ्यूजची तार म्हणजे तो अशक्त तुकडा. एमसीबी हेच काम करतो, फक्त वितळण्याऐवजी खटका खाली पडतो आणि आपण तो पुन्हा वर करू शकतो.

आता यातून पुढचा प्रश्न आपोआप निघतो. एमसीबी वायरीला वाचवायला आहे, तर तो किती अँपिअरचा घ्यायचा हे कशावर ठरणार? वायरीवर. आणि वायर कुठली आहे, किती जाड आहे, कोणत्या धातूची आहे, तिच्या आवरणात जीव राहिलाय का, हे बघितल्याशिवाय एमसीबी निवडणारा माणूस मापं न घेता ब्लाउज शिवणाऱ्यासारखा आहे. ब्लाउज घट्ट झाला तर उसवता येतो.

आमच्याच भागातल्या एका जुन्या वाड्यातली गोष्ट सांगते. नावगाव नको. त्या घरात इस्त्री आणि मिक्सर एका वेळी चालला की फ्यूज उडायचा. वहिनी वैतागल्या होत्या. कोणीतरी येऊन डबा बदलून गेलं, नवा कोरा, पांढरा, झाकणाचा. आत ३२ अँपिअरचा एमसीबी. "आता पडणार नाही बघा," असं सांगून गेलं. आणि खरंच पडला नाही. सगळे खूष. गौरी-गणपतीत माळा लागल्या, पाहुणे आले, इंडक्शन शेगडी आणि पाणी तापवायची कॉइल एकाच बोर्डावर चालली. एमसीबी पडला नाही. रात्री दोनच्या सुमाराला वहिनींना जळका वास आला. कपाटामागून जाणाऱ्या लाकडी पट्टीतली वायर धुमसत होती. त्यांनी आधी मेन स्विच ओढला, मग घरातल्यांना उठवलं, म्हणून पट्टी आणि कपाटातल्या चार साड्या यावर भागलं. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले तेव्हा त्या वायरीचं रबर बोटानं चुरडत होतं, भाजलेल्या पापडासारखं. जुना फ्यूज उडत होता, तेव्हा तो काही बिघडलेला नव्हता. तो खरं बोलत होता. त्याचं तोंड बंद केलं.

म्हणून कोणी म्हणालं, "मोठा टाकू, म्हणजे पडणार नाही," तर त्या माणसाला चहा द्या आणि परत पाठवा.

आता जुन्या घरात काय काय सापडतं ते सांगते. तुमचं घर साठ-सत्तरच्या दशकातलं असेल आणि वायरिंग बदललेलं नसेल, तर भिंतीवरून लाकडी पट्ट्या गेलेल्या दिसतील, त्यावर पत्र्याच्या छोट्या चिमट्यांनी बसवलेली काळी वायर. आतलं आवरण रबराचं. रबर उष्णतेनं आणि वयानं सुकतं. वायर हलवली नाही तोवर ती वर्षानुवर्षं तशीच बसून राहते. पण नवा डबा बसवताना तिला ओढतात, वाकवतात, टोक सोलतात, आणि तेव्हा ते रबर तडकतं. म्हणजे डबा बदलण्याच्या कामातच वायर मोडते. आधी ठीक चालणारं घर नव्या डब्यानंतर त्रास द्यायला लागतं, त्याचं हे एक कारण.

दुसरं, ॲल्युमिनियमची वायर. तांब्याची टंचाई होती त्या काळात आपल्याकडे घरोघरी ॲल्युमिनियम वापरलं गेलं. सोललेल्या टोकाचा रंग तांबूस आहे की चांदीसारखा, एवढं बघितलं तरी कळतं. ॲल्युमिनियम वाईट नाही, विजेच्या खांबावरच्या तारा त्याच्याच असतात. पण तो मऊ धातू. स्क्रूखाली दाबला की हळूहळू पसरतो, तापून-गार होऊन सैल पडतो, वर त्याच्यावर गंज बसतो आणि त्या गंजातून करंट नीट जात नाही. सांधा सैल, म्हणून तापतो, तापतो म्हणून आणखी सैल होतो. त्यातही तांब्याची आणि ॲल्युमिनियमची वायर नुसती एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळलेली असेल, तर ती जागा सगळ्यात आधी जाणार. अशी पिळलेली जोडणी मला निम्म्याहून जास्त जुन्या घरांत सापडते. पंखा वाढवला, बाहेर दिवा घेतला, पोराच्या अभ्यासाच्या खोलीत एक प्लग काढला. घर वाढत गेलं, तशा या गाठी पडत गेल्या.

तिसरं, वायरीची जाडी. दुकानात आज दीड, अडीच, चार चौरस मिलिमीटर असं बोलतात. जुने वायरमन एक-अठरा, तीन-बावीस, सात-वीस असं बोलायचे, अजूनही बोलतात. पहिला आकडा आत किती तारा आहेत तो, दुसरा त्या तारेच्या जाडीचा गेज. गेज जितका मोठा तितकी तार बारीक, हे उलटं आहे, लक्षात ठेवा. एक-अठरा म्हणजे साधारण एक चौरस मिलिमीटरच्या थोडी वर. तीन-बावीसही जवळपास तेवढीच. या दिव्या-पंख्याच्या वायरी. सात-बावीस म्हणजे अडीचच्या आसपास, सात-वीस म्हणजे चारच्या थोडी वर. त्या जुन्या घरात मामंजींनी वायरिंग केलं तेव्हा चार पिवळे दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ होता. त्यांनी त्याला पुरेल अशी वायर घातली. ती चूक नव्हती. त्याच वायरीवर आपण गीझर लावला.

हिशेब अवघड नाही. वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. त्याला २३० नी भागा, अँपिअर मिळतात. इस्त्री १००० वॅटची, म्हणजे साडेचारच्या आत. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर. २००० वॅटची इंडक्शन शेगडी, तीही ९. मिक्सर ७५० वॅटचा, सव्वातीन. सकाळी साडेसहाला घरात काय चालू असतं ते आठवा. एकाची आंघोळ, डब्याची भाजी, चटणीचं वाटण, कोणाची तरी इस्त्री. पंचवीसच्या आसपास अँपिअर झाले, आणि त्यात फ्रिज, पंपाची मोटर धरली नाही. हा हिशेब घरातल्या दुसऱ्या कोणाला करता येणार नाही, कारण साडेसहाला स्वयंपाकघरात तुम्ही असता. वहीत लिहा. कुठल्या बोर्डावर काय चालतं, एका वेळी काय काय चालतं. वायरमन आला की आधी ती वही त्याच्या हातात द्या. आणि विजेच्या बिलावर 'मंजूर भार' म्हणून आकडा किलोवॅटमध्ये छापलेला असतो, तोही बघून घ्या. तुमची सकाळ त्याच्याहून फार मोठी असेल, तर महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज आधी करायचा, डबा नंतर.

वही लिहिताना घरभर एक फेरी मारा. कशालाही हात घालायचा नाही, काहीही उघडायचं नाही, नुसतं बघायचं, ऐकायचं आणि वास घ्यायचा. एखादा बोर्ड इस्त्रीनंतर गरम लागतो का, तळहाताची मागची बाजू जवळ धरून बघा. प्लगच्या भोकांभोवती तपकिरी डाग आहे का? खटका दाबल्यावर आत चर्र वाजतं का? मोटर सुरू झाली की दिवे मान टाकतात का? आणि एक वास असतो. बटणाचं, होल्डरचं प्लास्टिक आतून तापायला लागलं की कधी कधी चक्क मासळीसारखा वास येतो. एका घरी आठ दिवस भांडण चाललं होतं की शेजारचे मासळी कुठे टाकतात. ती मासळी त्यांच्याच फ्रिजच्या प्लगमध्ये होती.

नळाला, वॉशिंग मशीनला, फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं का? आपल्या बायका यावर काय करतात? पायात चप्पल घालतात. "आमच्या मशीनला थोडासा करंट येतो, चप्पल घातली की नाही लागत." मैत्रिणींनो, थोडासा करंट असं काही नसतं. आज चप्पल आहे, उद्या पाहुणीला माहीत नसेल, परवा लेकरू ओल्या फरशीवर अनवाणी असेल. हे दिसलं तर डबा बदलायची वाट न बघता त्या वस्तूचा प्लग काढायचा. खटका आणि प्लग कोरड्या हातानं, पायात रबरी चप्पल घालून. खटका बंद करून थांबायचं नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये खटका चुकीच्या वायरीवर असू शकतो. प्लगजवळ पाणी असेल, तर आधी मेन स्विच ओढायचा.

चुकीच्या वायरीवर म्हणजे काय? दोन वायरी असतात. एक फेज, जिच्यातून वीज येते, आणि एक न्यूट्रल, जिच्यातून परत जाते. खटका फेजवर हवा. न्यूट्रलवर असला तरी दिवा बंद होतो, पण होल्डरमध्ये वीज येऊन बसलेलीच असते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला वाटतं खटका बंद आहे. खटका बंद असतानाही एखादा एलईडी दिवा मंद मिणमिणत असेल, तर त्याला कारणं दोन-तीन असतात, त्यातलं हे एक. वहीत लिहून ठेवा.

याच जातीचा आणखी एक धोका जुन्या डब्यात असतो, आणि तो मला सगळ्यात वाईट वाटतो. पूर्वी फेजला एक कटआउट आणि न्यूट्रललाही एक कटआउट बसवायची पद्धत होती. तुमच्या डब्यात चिनी मातीचे कटआउट जोडीजोडीनं असतील तर बहुधा तसंच आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात जातं. आपण समजतो लाईट गेली. पण फेज जिवंत असते, प्रत्येक बोर्डात, प्रत्येक होल्डरमध्ये. अंधारात चाचपडत त्यात हात घालणारा माणूस गेला म्हणून समजा. न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज ठेवायचा नाही, हा नियम आता जुना झाला, तरी घरं नियमाहून जुनी आहेत. नव्या डब्यात मेनचा खटका दोन्ही वायरी एकदम तोडणारा हवा आणि बाकी न्यूट्रल सगळ्या एका पट्टीवर सरळ बसलेल्या हव्यात.

आता मीटर बघायचं. त्याला हात लावायचा नाही, त्याचं सील तर अजिबात नाही, मीटर आणि त्याच्या आधीचं सगळं वीज कंपनीचं आहे. नुसतं बघायचं. घरातला प्रत्येक प्लग काढा, सगळे खटके बंद करा, इन्व्हर्टर असेल तर तोही. मेन स्विच चालूच ठेवा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, वीज खर्च होते तसा. सगळं बंद करून दहा मिनिटांनीही तो लुकलुकतोय, तर वीज कुठेतरी जाते आहे. एक तर तुम्ही काही विसरलात, माळ्यावरचा बूस्टर वगैरे, नाहीतर ओल्या भिंतीतून गळते आहे. बऱ्याच मीटरांवर अर्थ किंवा ईएल असं लिहिलेला वेगळा दिवा असतो. तो लागलेला असेल, तर गेलेली वीज आणि परत आलेली वीज जुळत नाही असं मीटर स्वतःच सांगतंय. वायरमनला हे दाखवा.

इथपर्यंतचं काम तुमचं. यापुढचं परवानाधारक माणसाचं. मी आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स केला, आणि तरीही माझ्या आईच्या घरचं तपासायला दुसरा माणूस सोबत घेते. एकट्यानं हे काम करायचं नसतं.

वायरमन आला की त्याला एकच प्रश्न विचारा, "दादा, मेगर आणलाय का?" मेगर म्हणजे वायरीचं आवरण शाबूत आहे का हे सांगणारं यंत्र. टेस्टरनं फक्त वीज आहे की नाही कळतं. टेस्ट लॅम्पनं दिवा लागतो की नाही कळतं. दिवा लागतो हे तर तुम्हालाही दिसतंय, त्यासाठी माणूस कशाला बोलवायचा? मेगर वायरीवर ५०० व्होल्ट टाकून बघतो की आवरणातून कितपत गळती होते. वाचन किमान १ मेगओहम यायला हवं. चांगल्या वायरीचं त्याहून कितीतरी जास्त येतं. फेज आणि न्यूट्रलमध्ये, फेज आणि अर्थमध्ये, न्यूट्रल आणि अर्थमध्ये, प्रत्येक रस्त्याचं वेगळं. आकडे तुमच्या वहीत लिहून घ्या. ही तपासणी मेन बंद करून होते, आणि त्याआधी घरातले सगळे बल्ब, ट्यूब, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, चार्जर काढून ठेवावे लागतात. नाहीतर एक तर ५०० व्होल्टनं ते खराब होतील, नाहीतर आकडा खोटा येईल. अर्धा दिवस जातो. दोन तासांत डबा बसवतो म्हणणारा हे करणार नाही, हे उघड आहे.

इन्व्हर्टरबद्दल जरा थांबून सांगते. मेन ओढला म्हणजे घर मेलं असं समजू नका. इन्व्हर्टर चालू असेल तर मेन बंद झाल्याबरोबर तो त्याच वायरीत स्वतःची वीज घालतो, तेच तर त्याचं काम. तो आधी बंद करायचा आणि बाहेर जाणारी त्याची वायर सोडवायची.

तपासणी कधी करावी? लोक दिवाळीच्या आधी करतात, नाहीतर लग्न निघालं की रंगकामाबरोबर. वैशाखात भिंती ठणठणीत कोरड्या असतात, तेव्हा मेगर सगळं छान सांगतो. माझं म्हणणं, शक्य असेल तर आषाढ-श्रावणात करा. भिंत ओली असते, स्लॅब पाझरत असतो, कौलांतून ओघळ आलेले असतात. ज्या वायरीत खोट आहे ती तेव्हाच सापडते. कोकणातल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

मेगरनंतर दोन गोष्टी बघून घ्यायच्या. एक, उसनं न्यूट्रल. जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या फ्यूजवरून घेतलेली आणि न्यूट्रल वरच्या खोलीतलं, वायर वाचवायला. जुन्या डब्यात हे खपून जातं. दोन, न्यूट्रललाच अर्थ जोडलेली. वेगळी अर्थिंगची वायर ओढायला नको म्हणून तीन पिनच्या प्लगमधली वरची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून देतात. हे फार वाईट. बाहेर कुठे न्यूट्रल तुटलं, तर तुमच्या फ्रिजचा पत्रा, मशीनचा पत्रा, सगळ्यावर वीज येते.

या दोन्ही गोष्टी नव्या डब्यात लगेच उघड्या पडतात, कारण नव्या डब्यात एमसीबीबरोबर आरसीसीबी बसतो. त्याबद्दल नीट ऐका. एमसीबी वायरीला वाचवतो असं मी म्हटलं. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. त्याच्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असावं, सुरक्षेच्या विनियमांत घरगुती जोडणीसाठी तीच मर्यादा धरली आहे. तो एवढंच बघत असतो की फेजमधून जितकी गेली तितकी न्यूट्रलमधून परत आली का. कमी आली, म्हणजे मधल्या मध्ये कुठेतरी जमिनीत जाते आहे, कदाचित कोणाच्या अंगातून, की तो क्षणात पडतो. घरात अर्थिंग धड नसलं तरी तो हे काम करतो, पण म्हणून अर्थिंग नको असं नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर मात्र त्याला कळत नाही.

आता जुन्या घरात काय होतं बघा. नवा डबा बसतो, आरसीसीबी वर करतात, तो पडतो. पुन्हा वर, पुन्हा पडतो. कारण भिंतीत गळती आहे, न्यूट्रल उसनं आहे, न्यूट्रलला अर्थ जोडलेली आहे. वायरमनला घरी जायचंय, घरातल्यांना पंखा हवाय. मग काय करतात? आरसीसीबीला वळसा घालून वायर सरळ जोडून देतात. तो डब्यात बसलेला दिसतो, त्याच्यातून काहीच जात नाही. घरातल्या बाईला वाटतं, आता आपण सुरक्षित. मी असे डबे उघडून बघितले आहेत, एक-दोन नाहीत. वायरिंग आधी तपासायचं ते यासाठी. नंतर तपासायची वेळ येते तेव्हा सगळे दमलेले असतात.

वळसा घातलाय का, हे तुम्हाला तपासता येतं. आरसीसीबीवर टी लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की खटका पडलाच पाहिजे. खटका पडून घरात दिवे चालूच राहिले, तर वळसा आहे. बटण दाबूनही पडला नाही, तर तो बिघडलाय किंवा चुकीचा जोडलाय. काम झाल्यावर पैसे देण्याआधी हे बटण स्वतःच्या बोटानं दाबा. आणि नंतर महिन्यातून एकदा, वीजबिल आलं की दाबायचं, म्हणजे विसरणार नाही.

सगळं तपासून झालं आणि बऱ्याच जागी खोट निघाली, तर सगळं घर एकदम करायला पैसे लागतात, ते सगळ्यांकडे नसतात. मग पहिल्यांदा काय? माझा क्रम असा. सगळ्यात आधी मोरी, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, कारण तिथे पाणी आहे आणि तिथे तुम्ही आहात. गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, स्वयंपाकघराच्या मोठ्या प्लगला अडीचची, दोन्हीला हिरवी अर्थ वायर सोबत. अडीचवर १६ अँपिअरचा एमसीबी, चारवर २०. जुनी दिव्या-पंख्याची वायर मेगरमध्ये पास झाली असेल, सांधे साफ करून घट्ट केले असतील, तर ती सध्या राहू द्या, पण तिच्यावर ६ अँपिअरचा एमसीबी आणि त्या बोर्डांवर इस्त्री लावायची नाही. नापास झाली असेल तर ती जोडायचीच नाही. त्या खोलीत चार दिवस चार्जिंगचा दिवा वापरा. आणि रबराची वायर असेल तर मेगर काही म्हणो, ती जाऊ द्या. तिचं वय झालं.

१६ चा एमसीबी १७ अँपिअरला पडत नाही, त्यावरून कोणी घाबरवू नये. थोडा वेळ थोडं जास्त तो चालवून घेतो. २३च्या पुढे गेला तर मात्र तासाभराच्या आत पडायलाच हवा, आणि शॉर्ट झाला तर पापणी लवायच्या आत. वायर त्या हिशेबानंच घेतलेली असते.

भाड्यानं राहणाऱ्या ताईंचा प्रश्न नेहमी असतो, मालक ऐकत नाही. वहीतली पानं, गरम बोर्डाचा, डागाचा, मीटरवरच्या दिव्याचा फोटो, आणि परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा तपासणीचा कागद असला की बोलणं वेगळं होतं. नुसतं "करंट येतो हो" याला मालक हसतो. सहीच्या कागदाला हसत नाही.

डब्याकडे बाहेरून येणारी वायर किंवा मीटरचा भाग तापत असेल, ठिणग्या दिसत असतील तर तिथे घरच्या वायरमनला हात घालू देऊ नका, महावितरणला कळवा, १९१२ हा क्रमांक लक्षात ठेवायला सोपा आहे. आणि जाता जाता, अंगणातली कपडे वाळत घालायची तार पत्र्याला किंवा जिथून घरात वायर येते त्या खांबाला बांधलेली असेल, तर आजच सोडा. पण हातानं धरण्याआधी मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद. बाहेरून येणारी वायर त्या तारेला किंवा पत्र्याला कुठे टेकलेली दिसली, तर तुम्ही हात लावायचाच नाही, १९१२. सोडवल्यावर तिथे नायलॉनची दोरी बांधा.

शेवटचं काम, डबा बसल्यावरचं. प्रत्येक एमसीबीखाली तो कशाचा आहे ते मराठीत, ठळक, चिकटवून घ्या. 'गीझर', 'स्वयंपाकघर', 'पुढची खोली', 'मोटर'. वायरमन एक-दोन-तीन आकडे टाकून जातो, ते त्याला कळतात. तुमच्या सासूबाईंना अंधारात चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं अक्षर मोठं काढा. तो वायरमन समोर असतानाच एकेक खटका पाडून बघा, काय बंद होतं ते, आणि मगच कागद चिकटवा.

अर्थिंगच्या खड्ड्यात काय घालतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी का ओततात, हे पुढच्या बुधवारी. नमस्कार.